मुलांना वाचू द्या

परीक्षा आटोपल्या की वऱ्हाडात दोन हंगाम एकदमच सुरू होतात. एक उन्हाचा आणि दुसरा वर्गांचा. अमरावतीच्या राजापेठ चौकातून राजकमलच्या दिशेने जाताना नुसती मान वर केली, तरी या दुसऱ्या हंगामाची कल्पना येते. फाउंडेशन, अबॅकस, वैदिक गणित, हस्ताक्षर सुधार, स्पोकन इंग्लिश, व्यक्तिमत्त्व विकास. मुलाच्या अंगी जे जे काही उणे असू शकेल, ते भरून काढण्याची हमी देणारे फलक जागोजागी लागलेले दिसतात. अकोल्याची तर विदर्भात ओळखच शिकवणीचे शहर अशी झाली आहे. पाचवी-सहावीच्या मुलाची सुटी एप्रिल महिन्यातच तासांत वाटून टाकली जाते. आपले मूल मागे पडू नये ही पालकांची काळजी खोटी नाही. स्पर्धा आहे आणि ती जीवघेणी आहे, हे आम्हीही जाणतो. परंतु या सगळ्या वेळापत्रकात मुलाने केवळ स्वत:च्या आनंदासाठी हाती घ्यावे अशा एका गोष्टीच्या पुस्तकाला जागा कोठे आहे, हा प्रश्न प्रत्येक सुजाण कुटुंबाने स्वत:ला विचारण्याची वेळ आली आहे.

वास्तविक पाहता वऱ्हाडातील मुलांना निसर्गाने या बाबतीत झुकते माप दिले आहे. येथील उन्हाळा महाराष्ट्रात सर्वांत कडक. त्यामुळेच विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की दुपारी बारा ते पाच रस्ते ओस पडतात. २०२४ च्या मे महिन्यात तर उष्णतेची लाट एवढी तीव्र होती, की अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचे कलम १४४ लागू करावे लागले आणि खासगी शिकवणी वर्गांच्या वेळांवरही बंधने घालावी लागली. अशा दिवसांत मूल घराबाहेर पडूच शकत नाही. पडदे ओढलेली खोली, कूलरचा घरघराट, माठातले पाणी, कैरीचे पन्हे आणि समोर चार-पाच तासांची लांबलचक दुपार. ही दुपार मागील पिढ्यांनी पत्ते, सागरगोटे आणि पुस्तके यांत घालवली. ‘चांदोबा’चा अंक भावंडांत कोणी आधी वाचायचा यावरून ज्या घरांत भांडणे होत, ती घरे आजही आहेत, भांडण मात्र आता मोबाईल कोणाच्या हाती राहील यावरून होते.

या बदलाचे खापर एकट्या मोबाईलच्या माथी फोडून मोकळे होणे सोपे आहे. १९५२ पासून मराठी घरांत येणारा ‘चांदोबा’ २०१३ च्या सुमारास बंद पडला, त्याला काही एकटा मोबाईल कारणीभूत नव्हता. मुले वाचत नाहीत अशी तक्रार करण्यापूर्वी आपण वाचनाचे काय करून ठेवले आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. शाळेने वाचनाला गुणांशी बांधले. घराने त्याला औषधाचा डोस केले. मुलाच्या हाती पुस्तक देताना ‘यातून तुला काय शिकायला मिळाले ते लिहून दाखव’ ही अट आपण आधीच घालून ठेवतो. दहा पुस्तके वाचली तर सायकल, असा व्यवहार ठरवतो. कथेच्या शेवटी तात्पर्य विचारतो. मग मूल पुस्तकाकडे पाठ्यपुस्तकाचे धाकटे भावंड म्हणून पाहू लागते आणि सुटी लागताच दोघांनाही एकाच कपाटात बंद करते. यात मुलाचे चुकले असे कोण म्हणेल?

मराठी बालसाहित्याचा इतिहास या संदर्भात मोठा बोलका आहे. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी मुलांसाठी मासिक काढले, त्याचे नाव ‘बालबोध’. मुलांना ज्ञान द्यावे, थोरांची चरित्रे सांगावी, नीती शिकवावी हा त्यामागील हेतू आणि तो ओकांनी तीन दशकांहून अधिक काळ एकहाती निभावला. त्या काळाचा विचार करता हे काम असामान्यच होते. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९०६ मध्ये, वासुदेव गोविंद आपटे यांनी मुलांसाठी दुसरे मासिक सुरू केले. त्याचे नाव त्यांनी ‘आनंद’ ठेवले. आपटे हे कोशकार, इतिहास आणि भाषा यांचे गाढे व्यासंगी. बोधाचे महत्त्व त्यांना कळत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. तरीही मुलांच्या दारी जाताना त्यांनी पुढे केला तो आनंद. मूल आनंदाच्या वाटेने आले, तर बोध त्याच्यामागून आपोआप येतो, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या मराठी संपादकाने ओळखले होते. आज आपण मात्र ‘आनंद’कडून पुन्हा केवळ ‘बोधा’कडे आणि तेथून थेट गुणपत्रिकेकडे निघालो आहोत.

याहीपेक्षा जुना दाखला अमरावती जिल्ह्यातच आहे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ. तत्त्वचिंतनाने भारलेल्या या ग्रंथात एक गोष्ट अशी सापडते, जी आजही प्रत्येक मराठी आई आपल्या बाळाला सांगते. शेणाच्या आणि मेणाच्या घरांची, पाऊस आल्यावर दार ठोठावणाऱ्या कावळ्याची ती गोष्ट! मराठी गद्य नुकते उभे राहत होते, तेव्हाच त्यात लहान मुलांच्या गोष्टीला स्थान मिळाले होते. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्टही केशिराजबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त आहे. ज्ञानी पुरुषांना गोष्टीची लाज वाटली नाही; उलट अवघड विचार लोकांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी गोष्टीचाच आधार घेतला. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. या दोन्ही गोष्टींचा आम्हाला अभिमान आहे. परंतु विद्यापीठापासून तासाभराच्या अंतरावरील अमरावती शहरात, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला मराठीचे एक पान सलग वाचताना धाप लागत असेल, तर त्या अभिजाततेचा वारसा पुढे कोण चालवणार? शाळेतील मराठीच्या मोजक्या तासांनी हे काम होणार नाही. इंग्रजी माध्यमातील मुलाच्या बाबतीत, मराठी त्याची स्वत:ची भाषा होण्याचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे त्याला आवडलेली मराठी गोष्टीची पुस्तके.

येथे आपल्याच कुटुंबांतील एका प्रवृत्तीचा उल्लेख स्पष्टपणे केला पाहिजे. राष्ट्रविचाराने काम करणाऱ्या घरांत पुस्तकांची कपाटे असतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मुलांसाठी पुस्तक निवडताना ते संस्कारक्षम आहे ना, एवढीच एक कसोटी आपण लावतो. चरित्रे द्यावीत, इतिहास द्यावा. परंतु मुलाने मागितलेले भुताचे, चोर-पोलिसाचे वा निव्वळ विनोदाचे पुस्तक ‘टाकाऊ’ म्हणून परत करणे योग्य नव्हे. संस्कार हा बाटलीतून पाजण्याचा पदार्थ नाही. जे पुस्तक मुलाने स्वत:हून तीनदा वाचले, तेच त्याच्या मनात राहते. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ‘अमर चित्रकथा’ सुरू केली, तेव्हा चित्रकथा म्हणजे मुलांना बिघडवणारा उद्योग असे मानणारे पालक आणि शिक्षक पुष्कळ होते. दिल्लीतील एका प्रश्नमंजूषेत ग्रीक देवतांची नावे सांगणारी मुले रामाच्या आईचे नाव सांगू शकली नाहीत, हे पाहून पै अस्वस्थ झाले. पण त्या अस्वस्थतेतून त्यांनी मुलांसाठी प्रवचनमाला काढली नाही. मुले ज्या चित्रकथांवर तुटून पडत होती, त्याच रूपात त्यांनी रामायण, महाभारत आणि इतिहास त्यांच्या हाती ठेवला. मुलांच्या आवडीचा मान राखल्यानेच ते देशभरातील घराघरांत पोहोचले.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ हेही याचेच उदाहरण. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक मुळात रात्री मित्रांच्या मेळ्यात सांगितलेल्या गोष्टींच्या रूपात बांधलेले आहे. त्यातील संस्कार पिढ्यानपिढ्या टिकला, तो त्यातील गोष्ट रंगली म्हणून. आणि गो. नी. दांडेकर तर याच मातीतले; ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्यात जन्मलेले. शाळकरी वयातच घर सोडून बाहेर पडलेल्या या मुलाला पुढे गाडगेबाबांचा सहवास लाभला, त्याने देश पायी पालथा घातला, गडकिल्ले पाहिले आणि ते सारे लिहून काढले. ‘बया दार उघड’पासून ‘हे तो श्रींची इच्छा’पर्यंतच्या त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्या वाचून किती तरुण पहिल्यांदा गडावर चढले असतील! त्यांना कोणी त्या पुस्तकांवर प्रश्नपत्रिका दिली नव्हती.

आनंदाचे वाचन म्हणजे अभ्यासाला सुटी, असा समज असेल तर तोही दूर केला पाहिजे. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या निम्म्याहून काहीशा कमी मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले वाचनाच्या पहिल्या पायरीवरच अडखळत आहेत. गणिताचे शाब्दिक उदाहरण काय किंवा विज्ञानाचा धडा काय, ज्याला ओघाने वाचता येत नाही त्याला पुढचे सगळेच अवघड जाते. ओघ येतो तो पुष्कळ वाचल्याने, आणि मूल पुष्कळ वाचते ते आवडले तरच. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रँझेन या संशोधकांनी गरीब घरांतील मुलांवर एक प्रयोग केला. सलग तीन उन्हाळे प्रत्येक मुलाला सुटीत बारा पुस्तके दिली. मात्र ती कोणती, हे मुलांनीच ठरवायचे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, या मुलांच्या वाचनक्षमतेत झालेली प्रगती खास उन्हाळी वर्गांना बसवल्याने होणाऱ्या प्रगतीच्या तोडीची होती. सुटीत मागे पडतात ती बहुधा गरिबाघरची मुले, कारण त्यांच्या घरी पुस्तकच नसते, हेही त्या अभ्यासामागचे गृहीतक होते. आपल्याकडे याहून वेगळी स्थिती नाही. राजापेठेतील बँक अधिकाऱ्याच्या मुलाला पुस्तक विकत मिळू शकते. त्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीला, किंवा सुटीत गावी गेलेल्या कापूस उत्पादकाच्या मुलाला ते कोठून मिळणार? गाडगेबाबा स्वत: शाळेत गेले नव्हते. तरीही जेवणाचे ताट मोडावे लागले तरी चालेल पण मुलांना शिकवा, हे त्यांनी आयुष्यभर कीर्तनातून सांगितले. अमरावतीत त्यांची समाधी आहे. त्यांच्या नगरीत एखादे मूल पुस्तकावाचून राहणे आपल्याला शोभत नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट घरापासून. दुपारच्या पाच तासांतला निदान एक तास मुलासाठी पूर्ण मोकळा ठेवावा आणि त्या तासात घरातील मोठ्यांनीही आपापले मोबाईल बाजूला ठेवून काही वाचावे. बाप पडद्यात डोके खुपसून बसलेला आणि मुलाला वाचनाचा उपदेश, हा विनोद मुलांच्या लगेच लक्षात येतो. निवड मुलाची असावी. पुस्तक आवडले नाही तर अर्धवट सोडण्याची, मधली पाने गाळण्याची, तेच पुस्तक पुन:पुन्हा वाचण्याची त्याला मुभा असावी. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखक-शिक्षकाने १९९२ मधील आपल्या पुस्तकात हे वाचकाचे हक्कच मानले आहेत. आपण मोठी माणसे हे सगळे हक्क बजावतोच. मुलांना ते नाकारण्याचे कारण नाही. सारांश, तात्पर्य, वही, बक्षीस यांतले काहीही नको. मुलाने आपणहून येऊन सांगितले तर मन लावून ऐकावे, एवढेच पुरे.

दुसरी गोष्ट, मोठ्याने वाचून दाखवणे. मुलाला अक्षरे जुळवता येऊ लागली की आपण हे थांबवतो. वस्तुत: दहा-बारा वर्षांच्या मुलालाही ऐकायला आवडते, विशेषत: ज्याची मराठी कच्ची आहे, त्याला ऐकल्यानेच भाषेचा लहेजा कळतो. वऱ्हाडातील उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणे घालण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. आजोबांनी बॅटरीच्या उजेडात रोज एक प्रकरण वाचावे आणि अगदी रंगात आले असताना पुस्तक मिटावे. उरलेले प्रकरण मूल दुसऱ्या दिवशी दुपारी स्वत:च वाचून काढील.

पुस्तकांची वाण नाही. लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तके आहेत. थोड्या मोठ्यांसाठी ताम्हनकरांचा ‘गोट्या’, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आहे. रहस्याची ओढ असणाऱ्यांसाठी सत्यजित राय यांचा फेलूदा मराठीत आला आहे. विज्ञानाची आवड असेल तर डॉ. जयंत नारळीकर आहेत. मेळघाट ज्यांच्या उशाशी आहे, त्या मुलांना मारुती चितमपल्लींची ‘रानवाटा’ कशी वाटेल ते पाहावे; चिखलदऱ्याची पुढची सहल निराळीच होईल. ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून अखंड निघत आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. म्हणजे घरातला तो बदनाम मोबाईलही या कामी लावता येतो.

तिसरी गोष्ट वस्तीची. अमरावतीचे नगर वाचनालय, अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय अशा शंभरी ओलांडलेल्या संस्था या भागात आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि गावोगावी लहानमोठी वाचनालये आहेत. त्यांतील अनेकांचे दरवाजे ऐन दुपारी बंद असतात. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांपुरता बालविभाग दुपारी उघडा ठेवला, तेथे एक कूलर आणि गार पाण्याचा माठ ठेवला, तर मुले आपणहून येतील. चालकांनी पुस्तके कुलूपबंद कपाटातून काढून मुलांच्या हाताला येतील अशी मांडावीत. फाटली तर फाटली. वाळवीने खाण्यापेक्षा मुलांनी फाडलेली बरी.

जेथे वाचनालय नाही, तेथे कार्यकर्त्यांनी पेटी न्यावी. प्रत्येक घरात मुले मोठी झाल्याने पडून राहिलेली पाच-दहा पुस्तके असतातच. वीस घरांतून ती गोळा केली, तर शंभर-दीडशे पुस्तकांची पेटी सहज होते. एखाद्या मंदिराचा सभामंडप किंवा कोणाची पडवी पुरे. पेटी दर पंधरवड्याने दुसऱ्या वस्तीत जावी. नोंदीसाठी एक वही असावी, बाकी उद्घाटन, हारतुरे आणि भाषणे टाळावीत. सेवावस्तीतील मुलांना पेटीपर्यंत बोलावण्याऐवजी पेटीच तेथे पोहोचवावी. दोन महाविद्यालयीन तरुणांनी आठवड्यातून दोन दिवस दिले तरी हे काम चालू शकते.

या अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांपुढे केली. आज पिढ्यांनंतरही तेथील मैदान उन्हाळ्याच्या सकाळ-संध्याकाळी मुलांनी फुलून जाते. ही मुले मल्लखांबावर चढतात ती गुणांसाठी नव्हे. चढण्यात मजा आहे म्हणून चढतात, आणि मजेपोटी केलेल्या त्या व्यायामातूनच पिळदार शरीरे घडतात. जी गोष्ट शरीराची तीच मनाची. सकाळी मैदान, दुपारी पुस्तक आणि रात्री गच्चीवर गोष्ट, अशी दोन महिन्यांची सुटी ज्या मुलाला मिळेल, ते जूनमध्ये शाळेत परतताना काही गमावून येणार नाही.

वाचनाची गोडी लागण्याचे वय फार लवकर सरते. दहा-बारा वर्षांपर्यंत जे मूल पुस्तकात रमले नाही, त्याला पुढे अभ्यासाच्या ओझ्याखाली तशी सवड मिळणे कठीण. प्रत्येक कुटुंबाच्या हाती असे मोजकेच उन्हाळे असतात. आपल्या वाचकांनी या उन्हाळ्यात एवढेच करावे: वर्गांच्या वेळापत्रकातील एक वर्ग कमी करावा, मुलाला वाचनालयात नेऊन त्याच्या पसंतीचे पुस्तक त्याच्या हाती द्यावे, आणि शेजारच्या ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही, त्यालाही सोबत न्यावे. पुढचे काम पुस्तक करील.